पेरूचा पाला, लवंग, दातण: तोंडातल्या जंतूंवर हे नक्की कुठपर्यंत पोचतं?

परळकरीण | रविवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबणार आहे, पण गेले दोन महिने डोक्यात हेच चाललंय म्हणून लिहायला बसले.

आई परळला चाळीत राहते. वय ६८, मधुमेह बारा वर्षांचा. होळीच्या सुमारास तिच्या खालच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. चूळ टाकली की मोरीत लालसर पाणी. डॉक्टरकडे जाऊ म्हटलं तर नको म्हणाली आणि तिच्या आईचा उपाय काढला. पेरूची दहा-बारा कोवळी पानं दोन भांडी पाण्यात टाकायची आणि पाणी निम्मं होईपर्यंत उकळायचं. शनिवारी मी गेले की जिन्यातच तो तुरट वास यायचा. पातेल्यात कोऱ्या चहासारखं तांबूस पाणी, तळाशी काळपट पडलेली पानं. त्यात चिमूटभर हळद घालायची, तुरटीचा खडा दोनदा फिरवायचा आणि दिवसातून तीनदा गुळण्या. शिवाय आमच्या गॅलरीतल्या वेलाचा जाईचा पाला सकाळी चावून थुंकायचा.

आठ दिवसांत रक्त थांबलं. खरंच थांबलं. मी ऑफिसात दोघींना कृती लिहून दिली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी रात्री दोनला शेजारच्या काकूंचा फोन. आईच्या डाव्या जबड्याखाली लिंबाएवढी सूज, अंगात ताप, तोंड दोन बोटंही उघडेना, थुंकी गिळता येईना. तशीच टॅक्सीत घालून रुग्णालयात नेली. बाहेरून चीर देऊन पू काढला, दाढ काढली, चार दिवस ठेवून घेतलं. साखर ३४० निघाली. खालच्या मागच्या दाढेच्या मुळाशी पू साठला होता आणि तो मानेकडे उतरू लागला होता.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंना मी घाबरत घाबरत पाल्याचं सांगितलं. वाटलं, ओरडतील. त्या आईच्या पलंगावर बसून म्हणाल्या, "आजी, पाला चुकीचा नव्हता. जिथे पोचत होता तिथे त्याने काम केलं. दुखणं त्याच्या खाली होतं."

हे वाक्य काही केल्या मनातून जात नाहीये. मला दोन्ही टोकांचं बोलणं नकोय. "सगळं थोतांड आहे" हेही नको आणि "आजीचं सगळं खरं" हेही नको. या वनस्पतींमध्ये जंतू मारायची ताकद असते का? असते तर ती कुठे संपते? इथे कुणी दंतवैद्य, वैद्य, लॅबमधली माणसं असतील तर कृपया सविस्तर लिहा. आई बरी आहे, आणि तिने पातेलं अजून टाकलेलं नाही.

---

दाढेचा डॉक्टर | रविवार, रात्री ११:३०

ताई, आई बऱ्या आहेत हे वाचून बरं वाटलं. मी मुलुंडला अठरा वर्षं प्रॅक्टिस करतोय आणि तुमच्या आईंसारखे पेशंट दर पावसाळ्यापूर्वी दोन-तीन तरी बघतो.

रक्त का थांबलं ते आधी सांगतो, कारण फसगत तिथेच होते. पेरूच्या पाल्यात टॅनिन भरपूर असतं. कच्चं केळं किंवा सुपारी खाल्ल्यावर तोंड जसं आवळल्यासारखं होतं, तेच टॅनिन. ते प्रथिनांना धरतं आणि हिरडीचा वरचा पदर आकसतो. तुरटीही तेच करते. वरवरची सूज उतरते, रक्त थांबतं, बघणाऱ्याला हिरडी गुलाबी दिसते.

आता आत बघा. निरोगी हिरडी आणि दात यांच्यामध्ये १ ते ३ मिलिमीटर खोल फट असते. हिरड्यांचा आजार मुरला की ती ५, ६, कधी ८ मिलिमीटर खोल होते. गुळणीचं पाणी, मग ते पाल्याचं असो वा औषधाच्या दुकानातलं, त्या फटीत जेमतेम तोंडाशी शिरतं. तळाला किटण दगडासारखी चिकटलेली असते आणि तिच्यावर हवा नको असणाऱ्या जंतूंची वस्ती. पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा त्यातला मुख्य. त्याला गुळण्यांचा पत्ताही लागत नाही. दाढेच्या मुळाशी साठलेला पू तर हाडाच्या आत असतो. तिथे पोचायचं तर दात आतून साफ करावा लागतो किंवा काढावा लागतो. नुसत्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांनीसुद्धा तो जात नाही, सूज उतरते आणि महिनाभराने परत येते. पाल्याला कमी लेखायला हे लिहीत नाहीये. माझ्या गोळ्यांचीही तीच गत आहे.

मधुमेहाचं वेगळं सांगायला हवं. साखर वाढलेली असली की हिरड्यांचा आजार भडकतो, आणि हिरड्यांत पू असला की साखर आटोक्यात येत नाही. एकाकडे बघताना दुसरं बघावंच लागतं.

---

बशीतले जंतू | सोमवार, सकाळी ८:०५

मी मायक्रोबायोलॉजीची. एम.एस्सी.ला माझा प्रोजेक्टच औषधी वनस्पती आणि स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स यावर होता. दात किडण्यामागचा हा प्रमुख जंतू. क्लार्क नावाच्या संशोधकाने १९२४ मध्ये लंडनमध्ये किडलेल्या दातांतून तो पहिल्यांदा वेगळा केला. साखर मिळाली की दोन कामं करतो: आम्ल तयार करतो, आणि साखरेपासून डिंकासारखा चिकट पदार्थ बनवून दातावर घर बांधतो. दाताजवळचा पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधली, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण थरातली, खनिजं विरघळायला लागतात.

प्रयोग कसा असतो ते सांगते, म्हणजे "लॅबमध्ये सिद्ध झालंय" हे वाक्य पुढच्या वेळी वाचाल तेव्हा डोळ्यासमोर चित्र येईल. काचेच्या बशीत अगारची, म्हणजे जेलीसारख्या पदार्थाची, वडी जमवायची, तिच्यावर जंतू कापसाच्या बोळ्याने सारखे पसरायचे. कागदाची बटणाएवढी चकती अर्कात बुडवून मधोमध ठेवायची. आम्ही बशा मोठ्या बरणीत रचून वर मेणबत्ती पेटवायचो आणि झाकण घट्ट लावायचो. ज्योत विझेपर्यंत आतला प्राणवायू कमी होतो आणि कार्बन डायॉक्साइड वाढतो, म्यूटन्सला ते मानवतं. दुसऱ्या दिवशी झाकण काढायचं. बशीभर दुधाळ साय पसरलेली असते आणि चकतीभोवती काचेसारखं स्वच्छ वर्तुळ. तिथे एकही जंतू वाढलेला नसतो. पेरूच्या पानांच्या अर्काचं ते वर्तुळ मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. आजीचं खरं निघालं होतं. त्यामुळे ताई, ताकद असते. कडुनिंब, लवंग, बाभूळ, डाळिंबाची साल, हिरडा, खैर, सगळ्यांत कमी-अधिक असते.

पण त्या चकतीवर काय होतं तेही ऐका. पानं सावलीत वाळवून, दळून, मिथेनॉल या अल्कोहोलमध्ये भिजवून, गाळून, आटवून उरलेला दाट अर्क. घरच्या पाण्यात टॅनिन चांगलं उतरतं, तेलकट द्रव्यं फारशी उतरत नाहीत, उकळताना उडूनही जातात. पाल्याचं पाणी आणि लॅबमधला अर्क यांच्यात ताकदीचा खूप फरक असतो. शिवाय बशीत जंतू सुटे असतात आणि अर्काला रात्रभर वेळ मिळतो. तोंडात गुळणी अर्धा मिनिट, मग लाळ सगळं धुऊन नेते. आणि दातावरचे जंतू सुटे नसतातच, स्वतःच्या चिकट थरात दडून बसलेले असतात. त्या थरातल्या जंतूंना मारायला सुट्या जंतूंच्या शेकडो पट औषध लागू शकतं.

वर्तुळ मोठं म्हणजे औषध जास्त जालीम, असंही नाही. काही द्रव्यं अगारमधून भरभर पसरतात, काही जागीच बसतात. वेगवेगळ्या अर्कांची वर्तुळं पट्टीने मोजून पहिला-दुसरा नंबर लावणारे लेख वाचले की मला त्रास होतो. त्यापेक्षा अर्क पातळ-पातळ करत जायचं आणि कोणत्या सर्वांत कमी मात्रेला जंतू वाढायचे थांबतात ते बघायचं, ही पद्धत विश्वासाची.

मला सगळ्यात आशा वाटते ती वेगळ्याच गोष्टीत. काही वनस्पतिद्रव्यं, उदाहरणार्थ चहातली कॅटेचिनं किंवा पेरूच्या पानातलं क्वेर्सेटिन, जंतूला मारण्याइतकी नसली तरी त्याचं चिकट डिंक बनवणं कमी करताना प्रयोगांत दिसतात. मारायचं नाही, नुसतं चिकटू द्यायचं नाही. रोजच्या गुळणीचा उपयोग असलाच तर तो या बाजूने जास्त असावा असं माझं मत आहे.

---

देवगडची सून | सोमवार, दुपारी १:२०

परळकरीण, डोळ्यांत पाणी आलं गं वाचताना. आमच्याकडे तोंड आलं की जाईचा पाला आणि पेरूचा पाला दोन्ही. जाईची चार पानं स्वच्छ धुऊन सावकाश चावायची, रस तोंडभर घोळवायचा, मग थुंकायचं. दुसऱ्या दिवशी जेवण जातं. पण आमच्या सासूबाईंचा नियम होता, तोंड आलं की पाला आणि दाढ सुजली की एस.टी. पकडायची.

माझा प्रश्न लवंगतेलाचा. नातीला दाढ दुखते म्हणून सून कापसाच्या बोळ्यावर लवंगतेल घालून लावते. नात चार वर्षांची. चालेल ना?

---

दाढेचा डॉक्टर | सोमवार, दुपारी ३:४५

काकू, चार वर्षांच्या मुलीला नको. आजच थांबवा.

लवंगतेलाबद्दल मला आदर आहे. त्यात बहुतांश युजेनॉल असतं, ते जंतूही मारतं आणि दाताची नसही बधिर करतं. दवाखान्यात शिरल्यावर तो ओळखीचा वास येतो ना, तो युजेनॉलचाच. झिंक ऑक्साइडच्या पांढऱ्या पावडरीत ते कालवून आम्ही तात्पुरती फिलिंग भरतो, आजही. म्हणजे आधुनिक दंतवैद्यकाने लवंग कधीच सोडलेली नाही.

पण निव्वळ तेल हिरडीवर किंवा गालाच्या आत लागलं की कातडी भाजते. बोळा धरून झोपलेल्या पेशंटच्या गालात मी पांढरा पडलेला, सोललेला चट्टा पाहिलाय. लसूण ठेचून दाढेशी ठेवणाऱ्यांचंही तेच होतं. लहान मुलांत धोका याहून मोठा. चमचा-दोन चमचे लवंगतेल पोटात गेल्यामुळे मुलांच्या यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी आहेत. बाटली हाताला लागेल अशी ठेवू नका. मोठ्या माणसाने फार तर एक लवंग दुखऱ्या दाढेखाली धरावी आणि सकाळी डॉक्टर गाठावा.

नातीला घेऊन जा. दुधाच्या दाताची कीड भरता येते. पडणारच आहे म्हणून सोडून देऊ नका, त्याच्या खाली कायमचा दात वाट बघत असतो.

---

कषाय | सोमवार, रात्री ९:१०

मी गोरेगावला आयुर्वेदाची प्रॅक्टिस करतो. डॉक्टरसाहेबांचं आणि मॅडमचं लिखाण वाचून समाधान वाटलं. एक गोष्ट माझ्या बाजूने जोडतो.

आमच्या ग्रंथांत दातणाचं वर्णन फार नेमकं आहे. अष्टांगहृदयात वाग्भटाने रुई, वड, खैर, करंज, अर्जुन अशा झाडांच्या काड्या सांगितल्यात. चव तुरट, तिखट किंवा कडू, जाडी करंगळीच्या टोकाएवढी, लांबी बारा बोटं, टोक मऊ. सकाळी, आणि जेवणानंतरही. आणि दातांच्या मांसाला, म्हणजे हिरड्यांना, इजा न करता. लोक पुढचा श्लोक मात्र विसरतात. दातण कुणी करू नये ते तिथेच लिहिलंय: अजीर्ण, उलटी, दमा, खोकला, ताप असलेल्यांनी, आणि तोंड आलेल्यांनीसुद्धा. उपाय सांगताना तो कुठे थांबवायचा हेही सांगितलंय.

माझ्याकडे हिरड्यांचे पेशंट येतात तेव्हा मी आधी त्यांना स्केलिंग करून यायला सांगतो. किटण निघाल्यावर त्रिफळ्याच्या काढ्याने कवल देतो. कवल म्हणजे तोंडात खुळखुळवायचं, गंडूष म्हणजे तोंड भरून स्थिर धरायचं. काढा रोज ताजा करायचा, गाळून, कोमट असताना वापरायचा. आदल्या दिवशीचा उरलेला नको, मुंबईच्या हवेत रात्रीतून त्यावर तवंग येतो.

पू आहे, ताप आहे, गिळता येत नाही, अशा माणसाला मी काढा देत नाही. पाठवून देतो. यात माझ्या शास्त्राचा कमीपणा आहे असं मला वाटत नाही.

---

भायखळ्याचा | मंगळवार, सकाळी ७:५०

दातणावरून आठवलं. रमजानमध्ये मोहम्मद अली रोडला गेलात तर मिस्वाकच्या जुड्या दिसतील. आपल्याकडे त्याला पीलू म्हणतात. मी दोन वर्षं वापरतोय, एका मित्राने लावलेली सवय. काडीचं टोक अर्ध्या इंचाएवढं सोलायचं, चावून त्याचा कुंचला करायचा. पहिल्यांदा मोहरीसारखा झणका लागतो. कुंचल्याची चव गेली की तेवढं कापून पुढचं सोलायचं.

हेच झाड आपल्या खाडीच्या कडेने, खारफुटीच्या मागे वाढतं, हे मला फार उशिरा कळलं. बशीतले जंतू ताई, त्या झणक्यात काही आहे का?

---

बशीतले जंतू | मंगळवार, सकाळी ९:३०

आहे. बेंझाइल आयसोथायोसायनेट, मोहरीतल्या झणक्याच्याच कुळातलं. जंतूंवर चांगलं चालतं. पण मिस्वाकचा निम्मा गुण त्या कुंचल्याचा आहे. चिकट थर घासूनच निघतो. बाभूळ आणि कडुनिंबाचंही तसंच. फक्त आडवं खसाखसा घासू नका, हिरडी मागे सरते. आणि दातांच्या मधल्या फटीत काडी जात नाही, तिथे दोरा लागतोच.

---

दुसरा मजला खोली १४ | मंगळवार, रात्री १०:४०

इथे एक गोष्ट लिहिली नाही तर मला झोप येणार नाही. माझी मावशी लालबागला होती. ती आणि तिच्या मजल्यावरच्या चार-पाच बायका रोज सकाळी मशेरी लावायच्या. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, हाताने चुरायची, डबीत भरायची. तो भाजल्याचा वास अजून नाकात आहे. "दातांना चांगली, जंतू मरतात, झाडाचीच आहे," असं म्हणायच्या. सकाळी एकदा लावायची ती पुढे दिवसातून सहादा लावू लागली, कारण ती लावल्याशिवाय तिला चैन पडत नव्हतं.

गालाच्या आत पांढरा चट्टा आला तेव्हा तिने त्यावरही मशेरीच लावली. टाटाला नेलं तोवर उशीर झाला होता. ५४ वर्षांची होती.

तंबाखूसुद्धा वनस्पतीच आहे. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला सरकारने १९९२ मध्येच बंदी केली, पण घरच्या तव्यावर कोण बंदी घालणार? तुमच्या घरात आजी, आत्या, कामाला येणाऱ्या मावशी कुणी लावत असतील तर त्यांना आरशासमोर उभं करून गालाची आतली बाजू बघायला सांगा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात दाखवा.

---

हिरवीगार | बुधवार, दुपारी १२:१५

सगळं पटलं, पण एक विचारते. मी वीस वर्षं फक्त वनस्पतींचं लाल मंजन वापरते, फ्लोराइडचं रसायन तोंडात घालत नाही. एकही दात किडलेला नाही. मग फ्लोराइड कशाला?

---

दाढेचा डॉक्टर | बुधवार, रात्री १०:००

ताई, तुमचे दात चांगले राहिलेत याचा आनंद आहे. त्यात गोड कमी खाणं, लाळ चांगली असणं, नियमित घासणं, सगळ्याचा वाटा असू शकतो.

वनस्पती आणि फ्लोराइड यांची कामं वेगळी आहेत. वनस्पतीचं द्रव्य जंतूवर काम करतं, फ्लोराइड दातावर. आम्लाने विरघळलेली खनिजं परत बसताना फ्लोराइड त्यांच्यात मिसळतं आणि आधीपेक्षा चिवट थर तयार होतो. हे काम कडुनिंब करू शकत नाही, लवंगही नाही. पाकिटावर १००० ते १५०० पीपीएम फ्लोराइड लिहिलेलं असावं. वनस्पतींची पेस्ट आवडत असेल तर तीही फ्लोराइड असलेली मिळते, फक्त मागची बारीक अक्षरं वाचून घ्या.

लाल मंजनात गेरू असेल तर ते खरखरीत असतं. हिरडीलगत दाताला नखाने चाचपून बघा, खाच लागते का. गार पाण्याने तिथे कळ येत असेल तर इनॅमल झिजलेलं असू शकतं.

क्लोरहेक्सिडिनचंही इथेच सांगतो, कारण बरेच जण औषधाच्या दुकानातून परस्पर आणतात. ०.२ टक्क्यांचं हे माउथवॉश जंतूंवर फार प्रभावी, लॅबमध्ये वनस्पतींची तुलना बहुधा याच्याशीच करतात. पण सांगितल्याशिवाय दोन आठवड्यांच्या पुढे वापरू नका. दातांवर तपकिरी डाग पडतात, जिभेची चव जाते. पेस्टनंतर लगेच घेतलं तर परिणाम कमी होतो, अर्धा तास जाऊ द्या. रोजच्या वर्षभराच्या वापरासाठी काहीतरी सौम्य हवं असतं, आणि तिथे वनस्पतींच्या अर्कांवर होणारं काम मला खरंच महत्त्वाचं वाटतं.

---

परळकरीण | शनिवार, रात्री ९:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. धाग्याची प्रिंट काढून आईला वाचून दाखवली. देवगडच्या काकू, तुमच्या सासूबाईंचा एस.टी.चा नियम तिने दोनदा वाचायला लावला.

आज तिची दुसरी तपासणी होती. स्केलिंग आणि मुळांची सफाई होऊन आठ आठवडे झाले. डॉक्टरीणबाईंनी बारीक सळईने प्रत्येक दाताशी खोली मोजली आणि मी शेजारी उभी राहून आकडे लिहून घेतले. उजवीकडची जी दाढ ६ मिलिमीटर होती ती ४ वर आली आहे. साखर उपाशीपोटी १३८. समोरचे खालचे दात अजून थोडे हलतात, त्यांचं तीन महिन्यांनी बघू म्हणाल्या.

गुळण्यांचं विचारलं. म्हणाल्या, घासून आणि दोरा फिरवून झाल्यावर पेरूच्या पाल्याच्या करा, हरकत नाही. तुरटी मात्र काढून टाका, म्हणजे रक्त यायला लागलं तर ते लपणार नाही, दिसेल.

घरी आल्यावर आईने तुरटीचा खडा मोरीच्या कट्ट्यावरून उचलला आणि बाबांच्या जुन्या दाढीच्या डब्यात नेऊन ठेवला. मग खालच्या किराणावाल्याच्या मुलाला हाक मारून पेरूची पानं आणायला पाठवलं, कोवळीच आण म्हणून तिसऱ्या मजल्यावरून दोनदा ओरडली.